श्रेय दिले म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे: व्हिडिओ टाकताना या चुका टाळा

व्हिडिओखाली ‘सर्व हक्क मूळ मालकाचे’ असे लिहिले की आपण सुटलो, अशी समजूत फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात त्या वाक्याने एवढेच सिद्ध होते की कलाकृती दुसऱ्याची आहे हे आपल्याला ठाऊक होते. प्रती काढण्याचा आणि प्रसारणाचा हक्क आर्थिक स्वरूपाचा असून त्यासाठी परवानगीच लागते.

उलट चूकही तितकीच होते. संगीताचे पैसे भरले म्हणून संगीतकाराचे नाव गाळता येत नाही. लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात १९२८ साली रोम येथे समाविष्ट झालेल्या कलम ६ बिसनुसार, आर्थिक हक्क विकल्यानंतरही आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विकृतीला हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडेच, म्हणजे संगीतकारासह मूळ निर्मात्याकडेच, राहतो. फ्रान्समध्ये हा नैतिक अधिकार कायमस्वरूपी आहे, तर ब्रिटनमध्ये तो लेखी सोडून देता येतो. म्हणून करारपत्र वाचूनच काम हाती घ्यावे.

स्वयंचलित तपासणीला चकवण्यासाठी चित्र आरशासारखे उलटे करणे किंवा आवाजाची पट्टी बदलणे ही मला सर्वांत वाईट चूक वाटते, कारण त्यात विनापरवाना वापर तर होतोच, शिवाय कृतीची मोडतोडही होते. क्रिएटिव्ह कॉमन्सबाबतही, म्हणजे ठरावीक अटींवर कृती वापरू देणाऱ्या खुल्या परवान्यांबाबतही, असाच गोंधळ असतो. ‘रूपांतरास मनाई’ असलेले गाणे जसेच्या तसे वापरले तरी ते दृश्यांशी जुळवून बसवणे हे त्या परवान्यात रूपांतरच मानले जाते.

यूट्यूबवर सूचना आली, तर ती कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या स्वयंचलित तपासणी यंत्रणेचा) दावा आहे की कॉपीराइट स्ट्राइक (हक्कधारकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनेलला दिलेला इशारा), हे आधी पाहावे. दाव्यात बहुधा व्हिडिओ राहतो आणि उत्पन्न दावेदाराकडे जाते. आक्षेप नोंदवल्यास उत्तरासाठी त्याला ३० दिवस मिळतात. स्ट्राइक मात्र गंभीर असते, कारण ९० दिवसांत तीन झाल्यास चॅनेल बंद होऊ शकते, आणि घाबरून व्हिडिओ काढून टाकल्याने ती मिटत नाही. स्ट्राइक चुकीची वाटत असेल तर प्रतिसूचना (व्हिडिओ परत लावण्याची औपचारिक मागणी) देता येते, पण परवान्याचा लेखी पुरावा हाताशी नसताना ती देऊ नये, कारण त्यानंतर दावेदार न्यायालयात जाऊ शकतो.

कंटेंट आयडी हक्कधारकाने दिलेल्या नमुन्याशी फक्त आवाज आणि दृश्य ताडून पाहते. श्रेयनामावलीतून गाळलेले पटकथाकाराचे नाव तिला दिसत नाही; त्यामुळे दावा आला नाही, याचा अर्थ तक्रारीला जागा नाही असा घेऊ नये.