खाज की कणकण: शिंका सुरू झाल्या की मी काय बघते

पुण्यात प्राथमिक शाळेत शिकवते. गेली पंधरा वर्षं पाऊस ओसरायला लागला की माझं नाक गळायला लागतं. घरात एक्क्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांची फुप्फुसं कमकुवत. त्यामुळे सकाळी पहिली शिंक आली की मला लगेच ठरवावं लागतं, ही अॅलर्जी की संसर्ग, आणि आज आईंचा चहा मी न्यायचा की लेकाच्या हाती पाठवायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात माझं चुकलं. नाक गळत होतं, मला वाटलं नेहमीचंच. शाळेतून येऊन जिना चढताना पोटऱ्या भरून आल्या होत्या, तेही अंगावर काढलं. चौथ्या दिवशी आईंना ताप चढला आणि आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. फ्लू निघाला. त्यानंतर आमच्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून मी जे बघायला शिकले, ते इथे लिहिते.

आधी खाज बघा. अॅलर्जीत डोळ्यांच्या कोपऱ्यात, नाकात, कानात आतून खाज सुटते. टाळूला तर अशी की जिभेने खरवडत राहावंसं वाटतं. शिंका सुरू झाल्या की एकामागून एक आठ-दहा येतात आणि नाकातून निव्वळ पाणी. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तळहात नाकाच्या शेंड्याला लावून वर घासत राहते. इतकं की नाकावर आडवी बारीक रेघ उमटली आहे. डोळ्यांखाली काळसर झालंय, पण खेळायला सगळ्यांच्या पुढे. तिची आई ‘सर्दी झालीय, इतर मुलांना नको’ म्हणून तिला दर महिन्याला घरी ठेवायची. त्या मुलीकडून कोणालाच काही होणार नव्हतं, आणि तिची शाळा मात्र बुडत होती. मी तिच्या आईला बोलावून ती रेघ दाखवली आणि डॉक्टरांकडे पाठवलं.

मग अंगाकडे लक्ष द्या. संसर्ग असेल तर कणकण येते, अंग मोडून येतं, घसा खाजण्यापेक्षा गिळताना दुखतो. थर्मामीटर लावा. 100.4 किंवा त्याहून जास्त भरला तर अॅलर्जीचा विचार सोडून द्या, अॅलर्जीने ताप येत नाही. उलट बाजूने मात्र फसू नका. मोठ्या माणसांना साध्या पडशात ताप बहुधा येतच नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना फ्लूतसुद्धा कधीकधी येत नाही. माझ्या बाबतीत ताप नव्हता, पोटऱ्या होत्या.

शेंबडाच्या रंगावरून निदान करू नका. साध्या सर्दीतही तीन-चार दिवसांनी तो घट्ट, पिवळा-हिरवा होतो. आणि अँटिबायोटिकचा उपयोग ना अॅलर्जीत, ना फ्लूत.

मला सगळ्यात जास्त उपयोग भिंतीवरच्या कॅलेंडरचा झाला. शिंका सुरू झाल्या त्या तारखेच्या चौकोनात मी दोन शब्द लिहिते: ‘माळा झाडला’, ‘गवत कापलं’, ‘वर्गात चार जण गैरहजर’. पडसं दोन-तीन दिवसांत वाढतं आणि सात-दहा दिवसांत उतरतं. खोकला तेवढा मागे रेंगाळतो. फ्लू काही तासांतच माणसाला आडवं करतो. अॅलर्जी मात्र धूळ किंवा परागकण नाकात गेले की मिनिटांत सुरू होते आणि आठवडेच्या आठवडे चालते. माझं मूळ शाळेच्या कुंपणामागचं गाजर गवत. 1950 च्या दशकात हे गवत पुण्यात पहिल्यांदा डोळ्यांत भरलं, आता पावसानंतर प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर त्याची बारीक पांढरी फुलं दिसतात. कोणाला ओल आलेल्या भिंतीची बुरशी बाधते, कोणाला गादीतली धूळ, आणि ती बारा महिने असते. नुसता ऋतू बघून मात्र ठरवू नका, कारण आपल्याकडे फ्लूही पावसाळ्यातच जोर धरतो आणि जानेवारीनंतर पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून ‘वर्गात चार जण गैरहजर’ ही नोंद मी कधीच गाळत नाही.

सेटिरिझिनची गोळी घेऊन दोन-तीन तासांत खाज आणि शिंका थांबल्या तर अॅलर्जीचा संशय बळावतो, पण तो पुरावा नव्हे. शिवाय गोळीने झोप येते, गाडी चालवायची असेल तर जपा. आणि अॅलर्जी व संसर्ग दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मी आता विसरत नाही.

नक्की ठरत नसेल तर संसर्गच आहे असं धरून चला. फ्लू लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पसरतो, त्यामुळे वाट बघण्यात अर्थ नाही. मास्क लावा, खिडक्या उघडा, हात धुवा, म्हाताऱ्यांच्या खोलीत झोपू नका. कोविडची घरगुती चाचणी निगेटिव्ह आली तर 48 तासांनी पुन्हा करा.

घरात वयस्कर, दमेकरी किंवा गरोदर कोणी असेल आणि त्यांना कणकण आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त लागू पडतं. दम लागणं, छातीत शिटी वाजणं, ऑक्सिजन 94 च्या खाली जाणं, ताप उतरून पुन्हा चढणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी आरोग्य केंद्रात क्षयासाठी थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्या. आईंना आम्ही आता दरवर्षी फ्लूची लस देतो.

आज सकाळी सहाला नऊ शिंका. टाळूला खाज, पोटऱ्या ठीक, ताप 98.2. काल शेजारच्या प्लॉटवरचं गवत कापलं होतं, तसं कॅलेंडरवर लिहिलं. आईंचा चहा मीच नेला, मास्क लावून.