रोलाय ३५ वर नुसत्या नजरेने फोकस कसा करायचा

रोल घालायला येतो, शटर आणि अ‍ॅपर्चर म्हणजे काय ते माहीत आहे, असं धरून चालतो. नसेल तर ते दहा मिनिटांत कुणीही शिकवेल, अडचण तिथं नाहीच आहे.

अडचण अशी की या जुन्या फिल्म कॅमेऱ्यात फोकस झालाय की नाही हे दाखवणारं काहीच नाही. व्ह्यूफाइंडर म्हणजे साधी खिडकी, त्यातून जवळचं लांबचं सगळंच स्वच्छ दिसतं आणि माणूस तिथंच फसतो. लेन्सवर अंतराचे आकडे आहेत, ते तुम्ही अंदाजाने लावायचे. १९६६ साली डिझायनर हाइन्त्स वास्केने हा कॅमेरा एवढा बारका केला तो अशाच गोष्टी गाळून, आणि ४० एमएमची लेन्स नळीसकट आत ढकलायची सोय करून. पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास वजन, खिशात बसतो, आणि तरी आत पूर्ण ३५ एमएमची फ्रेम. चार काचांची ही टेसार लेन्स एफ ५.६ ते ८ ला इतकी कोरीव येते की निगेटिव्ह बघून हात थांबतो. म्हणून तर एवढी खटपट करायची.

घेताना जर्मनीचा की सिंगापूरचा यावर वेळ घालवू नका, लेन्समधून टॉर्च मारून बघा. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, कपाटात चार पावसाळे पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरलेली असते, आणि जाळं काचेत खोल गेलं असेल तर स्वस्त मिळाला तरी नको.

उजेड मोजणाऱ्या मीटरचा सेल रोलच्या खणातच बसतो, म्हणजे रोल संपेपर्यंत बदलता येत नाही, तेव्हा आधी बघा. मूळचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही, कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल बारीक रिंग घालून बसवा, १.५ व्होल्टचा घातला की मीटर चुकीचं सांगतं.

लेन्स बाहेर ओढून उजवीकडे फिरवून लॉक करा. आत घालताना आधी रोल पुढं ओढलेला पाहिजे, मगच वरचं बटण दाबून फिरवा. अडकली तर जोर लावू नका, लिव्हर ओढायची राहिलीय इतकंच.

आता फोकस.

सगळीकडे एकच सल्ला मिळतो, एफ ८ लावा, ३ मीटरवर ठेवा आणि विसरून जा. तो सल्ला उन्हातला आहे. तिथं तो चालतो कारण एफ ८ ला ३ मीटरवर साधारण २ पासून सव्वापाच मीटरपर्यंत सगळं शार्प येतं. पण जुलै महिन्यात गणपत गल्लीत, किंवा घरात, किंवा देवळाच्या गाभाऱ्याजवळ एफ ८ मिळणार कुठून? तिथं एफ ३.५ वरच यावं लागतं आणि मग दीड मीटरवर तुमच्या हातात सगळं मिळून ३० सेंटीमीटर उरतात, पुढं वीतभरापेक्षा कमी आणि मागं तेवढंच. एवढ्यात माणसाचा चेहरा बसवायचाय.

मी हे बेळगावच्या वडगावात शिकलो. मामांचा हातमाग होता, शेवटचे काही महिने चालू होता, आणि मला मामा मागावर बसलेले हवे होते. अख्खा रोल काढला, ३६ फोटो. धुवून आला तर मामांचा चेहरा एकातही नाही, म्हणजे आहे पण पुसट, आणि त्यांच्या हातातला आडवं सूत नेणारा धोटा इतका लख्ख की त्याचं झिजलेलं टोक मोजून घ्यावं. मी अंतर दीड मीटर धरलं होतं, ते धोट्यापर्यंत होतं, डोळे त्याच्या मागं हातभर. शिवाय अर्धे फोटो मी फुटाचा आकडा मीटर समजून काढलेले, माझ्या लेन्सवर दोन्ही छापलेत. तेव्हापासून रोल घालताना मीटरच्या आकड्यांवरून एकदा बोट फिरवतो, तुम्हीही फिरवा.

मामांना फोटो दाखवले तर म्हणाले, "अंतर डोळ्यानं कशाला मोजतोस रे, अंगानं मोज की." आणि त्यांनी नाकापासून हाताच्या बोटापर्यंत सूत ताणून दाखवलं, हे एक वार. जुने कापडवाले असंच मोजायचे. एक वार म्हणजे ०.९१ मीटर, आणि या लेन्सचं सगळ्यात जवळचं अंतर ०.९ मीटर! म्हणजे हात लांब केला आणि बोट समोरच्याच्या नाकाला लागलं की तिथंच कमीत कमी फोकस. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे दोन वार, १.८ मीटरच्या आसपास. तुमचं माप टेपनं एकदा मोजून घ्या, माणसागणिक थोडा फरक पडतो.

मामांनी मग मला सुताला गाठी मारून दिल्या, एक ०.९ ला, एक १.२ ला, एक दीडला. कॅमेऱ्याला बांधून पंधरा दिवस तेवढंच केलं. हे तुम्हीही करा, सुतळी चालते, लाजू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुणी सांगितलं नाही. अंतर बघून लेन्सवरची अंतराची रिंग फिरवू नका. आधी रिंग दीडवर लावा आणि मग तुम्ही दीड मीटरवर जाऊन उभे राहा. रिंग तशीच राहते, पाय हलतात, आणि पायांना ते अंतर चार दिवसांत पाठ होतं. पुढंमागं झुकून चेहरा बसवता येतो, रिंग फिरवून नाही बसवता येत. माणूस हलला की तुम्हीही तेवढेच हला. अंतर डोळ्यांपर्यंत धरा, हातातल्या वस्तूपर्यंत नाही. जवळून काढताना वर थोडी जागा सोडा, खिडकी लेन्सच्या जागी नाही म्हणून डोकं कापलं जातं.

दोनच अंतरं पक्की करा, दीड आणि तीन. बाकीची आपोआप येतात. रस्त्यावर शिवजयंतीचे चित्ररथ उन्हात असतील तर तुमचं ते एफ ८ आणि ३ मीटर खुशाल लावा, रात्री दिव्यात आले की परत पायांवर या.

कडक उन्हात २०० आयएसओचा रोल असेल तर १/२५० ला एफ ११ ते १६, ढग आले की अ‍ॅपर्चर दोन स्टॉप उघडा. संपलं.

रोल गुंडाळायची क्रँक खाली आहे, सावलीत गुंडाळा. मी कलर रोल कुरिअरनं बाहेर धुवायला पाठवतो, ब्लॅक अँड व्हाइट घरीच २० डिग्रीला. स्कॅन आले तरी निगेटिव्ह परत मागूनच घ्या, चिठ्ठीवर लिहूनच द्या. मामांचे पुढच्या रोलचे आहेत माझ्याकडे, सुताच्या दुसऱ्या गाठीवरून काढलेले, चष्म्याच्या काचेत माग दिसतो.