डाय क्रॅक शोधताय? आधी सावली बघा

टांकसाळीच्या खुणा (नाणं कुठे पाडलं ते सांगणारी चिन्हं), डाय (नाण्यावर नक्षी उमटवणारा ठसा) हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार, त्यामुळे ते उगाळत बसत नाही. सरळ डायच्या भेगेवर, म्हणजे डाय क्रॅकवर येते. सांगलीत ओळखीच्या दुकानदारांकडची चिल्लर चाळायला लागले तेव्हा माझा सगळ्यात जास्त वेळ या भेगेनेच खाल्ला.

नियम तसा एका ओळीचा. डायला तडा गेला की दाबाखाली कोऱ्या चकतीचा धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर रेष उठून दिसते. खोल गेलेली रेष म्हणजे ओरखडा.

वाचताना मान डोलावणं सोपं आहे, भिंगाखाली ठरवताना घाम फुटतो. चकचकीत स्टीलच्या रुपयावर एका बाजूने उजेड पडला की डोळा फसतो. खोल चर चक्क उंच धाग्यासारखा दिसतो, आणि नाणं जरा फिरवलं की पुन्हा खोल. मोबाईलच्या फोटोत तर उजेड कुठून होता तेच कळत नाही. मी बरेच दिवस इथेच अडकून होते, आणि फोटो पाठवून 'हो, क्रॅकच आहे' असं ऐकून खूशही होत होते. फोटोवरून छातीठोक निकाल देणाऱ्यांपासून लांब राहा.

यातून बाहेर काढलं ते विट्याकडच्या एका काकांनी. उभं आयुष्य गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामात गेलेलं, एरर (पाडताना चूक झालेल्या) नाण्यांशी काही देणंघेणं नाही. ते म्हणाले, ''रेषेकडं काय बघतीस? शेजारच्या अक्षराकडं बघ.'' रुपयावरची अक्षरं उठावाची असतात हे पक्कं. दिवा डावीकडे ठेवला तर अक्षराची उजवी बाजू काळी पडते. रेषेचीही उजवीच बाजू काळी असेल तर ती उठलेली आहे; डावी काळी असेल तर खोल. मग दिवा तसाच ठेवून नाणं अर्धं फिरवा आणि पुन्हा बघा. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं पाहिजे. सोनाराचं दहापट भिंग आणि टेबलावरचा एक दिवा एवढ्यावर हे जमतं. महागडा डिजिटल मायक्रोस्कोप सुरुवातीला अजिबात घेऊ नका.

अजून एक गोची आहे. ओरखड्यालाही काठ येतो. नांगराच्या तासाला दोन्हीकडे माती चढते तसा. त्यामुळे उठाव दिसला तरी त्याला लागून खोल चर आहे का ते बघा. चर असेल तर नाणं बाजूला ठेवा.

उठलेली प्रत्येक रेषही क्रॅक नसतेच. डायला पॉलिश करताना पडलेले चरे नाण्यावर उठूनच येतात. ते बारीक, सरळ, बहुधा एकमेकांना समांतर असतात आणि अक्षरापाशी थांबतात, कारण डायमध्ये अक्षरं खोल असतात, पॉलिश तिथवर पोहोचत नाही. क्रॅक मात्र बहुतेक वेळा कडेपासून निघतो, वेडावाकडा चालतो आणि अक्षर आडवं आलं तरी त्यावरून पुढे जातो.

साताऱ्याकडची मंडळी शिवराई घेऊन हेच विचारतात. शिवराई हातोड्याने पाडलेली. तिच्या कडेला दिसणारी आरपार चीर म्हणजे घावाखाली फाटलेली चकती. त्यात डायचा दोष नाही.

डाय ब्रेक ओळखणं त्यामानाने सोपं, घाबरू नका. डायचा कडेचा तुकडाच उडतो, तिथे धातूला अडवायला काही राहत नाही, आणि नाण्यावर कडेला लागून नक्षी नसलेला फुगीर गोळा येतो. पण लगेच नाचू नका, मागची बाजू बघा. आपल्या हल्लीच्या नाण्यांना पुस्तकाच्या पानासारखं आडवं उलटायचं: पुढे तीनच्या काट्यावर गोळा असेल तर मागे नऊवर नक्षी पुसट हवी, कारण तिथला धातू पलीकडच्या पोकळीत गेलेला असतो. मागे सगळं ठसठशीत असेल तर कुणीतरी नंतर उद्योग केलाय असा संशय घ्या.

चिंच, पितांबरी लावून घासू नका. क्रॅक सापडायच्या आधी शंभर नवे ओरखडे तयार होतील.

पैशांचं विचाराल, तर चालू रुपयावरच्या केसाएवढ्या क्रॅकला सहसा कोणी फारसं जादा देत नाही. लाखांचे आकडे सांगून आधी कमिशन किंवा टॅक्स मागणारे फोन आले तर सरळ ठेवून द्या; जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून फसवणूक होते, असा इशारा बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता.

खरी मजा जोडी लावण्यात आहे. एकाच डायची नाणी असली तर रेष त्याच जागी येते, आणि तडा वाढत गेला की पुढच्या नाण्यांवर ती लांब-रुंद होत जाते. ओरखडा असा हुबेहूब दुसऱ्या नाण्यावर येत नाही. म्हणून प्रत्येक पाकिटावर साल, टांकसाळीची खूण आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे जागा लिहा: 'मागे, चारवरून सातपर्यंत, अंकावरून'. नोएडाचा ठिपका आणि हैदराबादचा तारा एका डब्यात मिसळू नका, जोडी कधीच लागणार नाही.