राजकीय घराण्यातल्या सुनेची नोंद लिहायची तर सुरुवात माहेरापासून

गावच्या स्मरणिकेत, कारखान्याच्या सुवर्णमहोत्सवी अंकात, तालुक्याच्या इतिहासात नेत्याच्या पत्नीसाठी एक पान राखलेलं असतं. त्यावरचा मजकूर बहुधा ठरलेला असतो: साहेबांना खंबीर साथ दिली, आल्यागेल्याचं केलं, चूल कधी विझू दिली नाही. ती कुठली, कुणाची लेक, शिकली किती, यातलं काहीच त्यात नसतं. सातारा-सांगलीकडच्या राजकारणातली निम्मी नाती लग्नांनी जुळलेली आहेत. ज्या बाईमुळे नातं जुळलं तिचंच नाव गाळलं, तर तो इतिहास अर्धाच राहतो. म्हणून अशी नोंद लिहायला घेताना पुढची पद्धत धरावी.

पहिलं काम नावांचं. एका तावावर चार रकाने आखा: माहेरचं नाव, सासरचं नाव, कागदोपत्री नाव, हाकेचं नाव. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, की बाईची मागची वीस वर्षं एका नावाखाली राहतात आणि पुढची साठ दुसऱ्या. हा जोड लागला नाही तर शाळेचा दाखला आणि मतदारयादी दोन वेगळ्या बायकांच्या वाटतात. कागदोपत्री नावही एकच असेल असं धरू नका. कराडच्या खासदार प्रेमलाकाकी चव्हाणांचं नाव कुठं प्रेमलाबाई, कुठं प्रेमिलाबाई, कुठं प्रेमलाताई असं येतं. जितकी रूपं सापडतील तितकी सगळी तावावर उतरवा आणि शोधताना प्रत्येक रूपानं शोधा.

हाकेच्या नावानं सगळ्यात जास्त फसगत होते. मोठ्या घरात ‘वहिनीसाहेब’, ‘आईसाहेब’, ‘काकी’ ही हाक पुढच्या पिढीकडं जाते. थोरल्या आईसाहेब गेल्या की कालच्या वहिनीसाहेब आईसाहेब होतात, आणि वहिनीसाहेब म्हणून नवी सून ओळखली जाते. त्यामुळे १९६० सालच्या बातमीतल्या वहिनीसाहेब आणि १९९० सालच्या बातमीतल्या वहिनीसाहेब या बहुतेक वेळा सासू-सुना निघतात. बातमीच्या तारखेला घरात कोण हयात होतं, कुणाचं लग्न झालेलं होतं, हे ताडून पाहिल्याशिवाय हाकेवरून नाव ठरवू नये.

दुसरं काम माहेर गाठायचं. सासरी विचारलं तर गाव आणि आडनाव एवढंच हाती लागतं, तेही कधी कधी चुकीचं. माहेरच्या गावात जाऊन तिथल्या भावकीला विचारावं, आणि प्रश्न त्यांच्या बाजूनं असावा: “तुमची कोणती आत्या तिकडं दिलीय?” ‘अमक्या साहेबांच्या पत्नी’ म्हणून विचारलं तर लोक साहेबांवरच बोलत राहतात. आत्या म्हणून विचारलं की तिचं लहानपणाचं नाव, भावंडांतला तिचा नंबर, शाळा कितवीत सुटली, लग्न कुणी जमवलं, हे सगळं ओघानं येतं. जमल्यास दोन म्हाताऱ्यांना वेगवेगळं विचारावं. एकत्र बसवलं की एकीचं म्हणणं दुसरी पुढं ओढते.

‘मोहित्यांची लेक’ एवढं लिहून का भागत नाही, हे कराडजवळच्या तळबीडवरून समजतं. सोयराबाई आणि ताराबाई, दोघी तळबीडच्या मोहित्यांच्या आणि दोघी भोसल्यांच्याच घरात दिलेल्या. सोयराबाई सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची बहीण, ताराबाई त्यांची मुलगी. म्हणजे आत्याच पुढं सासू झाली, कारण सोयराबाईंच्या मुलाला, राजाराम महाराजांना, मामाची मुलगी केली. ही रीत आपल्याकडं आजही चालते, आणि एका घरातल्या दोन लेकी दोन पिढ्यांत एकाच उंबऱ्यात गेल्याची उदाहरणं राजकीय घराण्यांत भरपूर सापडतील. म्हणून बापाचं नाव हवंच, आणि तेही खरं नाव. हंबीरराव हा किताब आहे, नाव हंसाजी. पाटील, देशमुख, सरनोबत, इनामदार अशी बिरुदं आडनावाच्या जागी बसलेली असतात, त्याखालचं मूळ आडनाव काढून घ्या.

आता कागद. गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक, हे जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं. त्यात मुलीचं नाव सापडेल अशी आशा धरू नका. नोंद पुष्कळदा बारशाच्या आधी व्हायची, त्यामुळे रकान्यात नुसतं बापाचं नाव आणि ‘मुलगी’ एवढंच असतं. भावंडांच्या क्रमावरून ती कोणती हे ठरवावं लागतं. शाळेचं जनरल रजिस्टर त्याहून भरवशाचं, कारण तिथं नाव, जन्मगाव आणि शाळा सोडल्याची तारीख एका ओळीत मिळते. जन्मतारीख मात्र गुरुजींनी अंदाजानं घातलेली असू शकते. एकाच पानावर पाच-सहा मुलांची १ जून दिसली, की ती तारीख पक्की मानू नये.

सगळ्यात मोलाचा कागद बापाच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं लावल्याची नोंद, आणि नेमका तोच कुणी पाहत नाही. गाव नमुना सहा आणि सहा-क यांत मयताचे वारस लिहिलेले असतात. मुलगे आधी, मग विधवा, मग मुली. आणि मुली सासरच्या नावानं व गावासकट. म्हणजे माहेर आणि सासर एकाच ओळीत जोडलेलं मिळतं. जुन्या नोंदी वाचताना ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ म्हणजे अमक्याची बायको, एवढं लक्षात ठेवा. ‘सखुबाई कोम गणपत’ यात गणपत हा नवरा. त्याला बाप समजून वंशावळ लिहिली, की पुढची सगळी पिढी चुकते. मुलींनी भावांच्या नावे हक्क सोडला असेल, तर हक्कसोडपत्राचा वेगळा फेरफार असतो, त्यातही नावं येतात. १९५६ च्या वारसा कायद्याआधीच्या फेरफारांत मुली क्वचितच दिसतात, म्हणून तिथं नाव नाही याचा अर्थ मुलगी नव्हती असा काढू नये.

नक्कल मागताना गाव, गट किंवा जुना सर्व्हे नंबर, मयताचं पूर्ण नाव आणि अंदाजे पाच वर्षांचा पट्टा द्या. ‘घराण्याची सर्व माहिती मिळावी’ असा अर्ज केला तर तो परत येतो. माहिती अधिकारातून मागायचं तर अर्जाला १० रुपये, नकलेला पानामागं २ रुपये आणि मुदत ३० दिवसांची.

कोणत्या दफ्तरात जायचं, यात इथले बरेच जण चुकतात. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुके त्याआधी साताऱ्यात होते. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे, पण १९१३ साली ते सातारा जिल्ह्यात होतं. सांगली, मिरज, जत, फलटण, औंध ही संस्थानं असल्यानं त्यांचे कागद आणखी वेगळ्या ठिकाणी. आटपाडी औंध संस्थानात होती, हे विसरून तिथले जुने कागद भलतीकडं धुंडाळले जातात. बाईचं माहेर एका संस्थानात आणि सासर ब्रिटिश मुलखात असेल, तर दोन दफ्तरं पाहायची तयारी ठेवा.

घरोघर फिरून वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांच्या वहीतून मूळपुरुष आणि पिढ्या मिळतात, पण ती ओळ मुख्यतः पुरुषांची. तिचा उपयोग सासरची पिढी ठरवायला करावा.

तारखा. जुन्या कागदात शके असेल तर इसवी सन काढायला चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. ताराबाई गेल्या त्या ९ डिसेंबर १७६१ ला, म्हणजे शके १६८३ अधिक ७८. पण त्याच शकातला माघ आला तर साल १७६२. पौष महिना दोन्ही सालांत सांडतो, तिथं पंचांग पाहिल्याशिवाय साल लिहू नये.

लग्नपत्रिका मिळाली तर ती नीट वाचा. ‘चि. सौ. कां.’ च्या पुढचं नाव माहेरचं. ‘ज्येष्ठ कन्या’, ‘द्वितीय कन्या’ यावरून क्रम लागतो, आजोबांच्या नावाआधी ‘कै.’ आहे का यावरून त्यांच्या मृत्यूची अलीकडची मर्यादा मिळते. पत्रिकेवर साल नसेल, तर वार, तारीख आणि तिथी हे तिन्ही जुळणारं साल शोधा. नुसता वार आणि तारीख पाच-सहा वर्षांत, कधी अकरा वर्षांत पुन्हा जुळते.

सार्वजनिक पदांसाठी लोकसभेची सदस्य-परिचयाची पानं, निवडणूक आयोगाचे निकाल-अहवाल, जिल्हा परिषदेच्या सदस्ययाद्या, कारखान्याचे आणि बँकेचे वार्षिक अहवाल पाहावेत. इथं पोटनिवडणुकीचा खड्डा आहे. सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणूक नसते. शालिनीताई पाटील १९८३ मध्ये सांगलीतून लोकसभेवर गेल्या त्या पोटनिवडणुकीतून. १९८० चा अहवाल उघडला तर तिथं त्यांचे पती वसंतदादा पाटलांचं नाव दिसेल. त्याच पुढं सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या आमदार झाल्या, म्हणून एकाच जिल्ह्यात शोधणाऱ्याला अर्धीच कारकीर्द सापडते. सुमनताई पाटलांचंही तसंच. तासगाव-कवठेमहांकाळच्या २०१४ च्या निकालात त्यांचे पती आर. आर. पाटील आहेत, त्यांच्या निधनानंतर २०१५ ची पोटनिवडणूक सुमनताईंनी जिंकली आणि २०१९ ला त्या पुन्हा निवडून आल्या. नोंद लिहिताना या दोन निवडणुका दोन वाक्यांत लिहा. ‘पतीच्या पश्चात वारसा चालवला’ या एका वाक्यात दोन्ही कोंबल्या, की २०१९ मध्ये साडेचार वर्षांच्या आमदारकीनंतर तिनं मागितलेली मतं दिसेनाशी होतात.

लिहायला बसल्यावर पहिल्या परिच्छेदात तिचं नाव, माहेर, आईबाप, जन्म, शिक्षण, लग्नाची तारीख. नवऱ्याला तिथं एक वाक्य पुरे, त्याची पदं वाचकाला माहीत असतात. मग मजकुरातून नवऱ्याचं नाव असलेली वाक्यं पेन्सिलीनं खोडून पाहा. उरलेलं चार ओळींहून कमी असेल, तर लेख झालेला नाही, परत माहेरी जावं लागेल.

जिनं पद घेतलं नाही, तिच्या अंगावर राजकारण चढवू नका. फलटणच्या मोऱ्यांच्या वेणूताई २ जून १९४२ ला यशवंतराव चव्हाणांच्या घरात आल्या आणि काही महिन्यांतच, नवरा भूमिगत असताना, त्यांना अटक झाली. १ जून १९८३ ला त्या गेल्या. संसाराला एक्केचाळीस वर्षं पुरी व्हायला एक दिवस कमी होता. एवढ्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की ‘त्यागमूर्ती’ हा शब्द लिहायची गरज उरत नाही. कराडचं वेणूताईंच्या नावचं स्मारक अशी नोंद लिहिणाऱ्यानं एकदा पाहून यावं.

हयात बाईबद्दल लिहिताना तिची परवानगी घ्या. घरातलं दुसरं लग्न, वाटणीचे वाद, आजारपण हे तिनं स्वतः सांगितलं तरच. कच्चा मजकूर सासरी दाखवला जातोच, एक प्रत माहेरीही पाठवा. सासरचे कौतुकाचे शब्द वाढवतात, माहेरचे तारखा दुरुस्त करतात.

शेवटी फोटो. ‘श्री. व सौ.’ अशी ओळ छापू नका. फोटो माहेरच्या आणि सासरच्या एकेका म्हातारीला दाखवा, डावीकडून उजवीकडे प्रत्येकीचं नाव विचारा, बसलेल्या आणि उभ्या बायकांच्या वेगळ्या ओळी करा. मागच्या रांगेत डोक्यावर पदर घेतलेली, चेहरा अर्धाच दिसणारी कोणी असेल तर तिचं नाव सगळ्यात आधी विचारा.