इमोजीन पासवर जीप नेताना या चुका टाळा

कोलोरॅडोतल्या युरेहून टेल्युराइडला इमोजीन पासमार्गे अंतर आहे जेमतेम १७ मैल. युरे सुमारे ७,८०० फुटांवर, खिंड १३,११४ फुटांवर. वाट मूळची खाणींची: अलीकडे कॅम्प बर्ड, पलीकडे टॉमबॉय. खेचरं आणि घोडागाड्यांच्या मापाने खोदलेली असल्यामुळे अरुंद आहे, आणि दरीच्या बाजूला कठडा नाही. नवख्यांची नजर दरीवरच खिळते. गाडी अडते ती बहुधा गिअर, टायरची हवा आणि वेळ यांच्या चुकांनी.

गाडी चुकीची निवडणं

डेन्व्हरच्या विमानतळावर घेतलेली ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ एसयूव्ही इथे चालत नाही. तिला लो रेंज (चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणारा गिअर, म्हणजेच फोर-लो) नसते, पोट खाली असतं, आणि भाडेकरारात कच्च्या रस्त्याला बहुतेक वेळा मनाई असते. मग वरून गाडी ओढून आणण्याचा खर्च तुमच्या माथी. युरेमध्ये याच वाटांसाठी जीप भाड्याने मिळतात, त्यातली घ्या. ताब्यात घेतानाच पूर्ण मापाची स्टेपनी, जॅक, चाकाचा पाना आणि पुढे-मागे टो हुक आहेत ना, ते हात लावून बघा.

फोर-लो उशिरा टाकणं

चाकं जागच्या जागी फिरायला लागली की मग फोर-लोच्या लिव्हरकडे हात जातो. तोवर गाडी चढावर, दगडांत असते. फोर-लो खालच्या सपाटीवरच टाका. जीप रँग्लरमध्ये गाडी ताशी ३ ते ५ किलोमीटरने सरकती ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रल, मॅन्युअल असेल तर क्लच दाबलेला, आणि लिव्हर एका दमात ओढा. गाडी पूर्ण थांबलेली असेल तर आतले दाते जुळतीलच असं नाही आणि लिव्हर अर्ध्यावर अडू शकतो. खरखर आली तर जोर लावू नका. पुन्हा थोडं सरकू देऊन प्रयत्न करा. खाली उतरल्यावर फोर-लो निघत नसेल तर सरळ रेषेत काही फूट रिव्हर्स घ्या, अडकलेला ताण सुटतो.

टायरची हवा

रस्त्यावरची ३५-३७ पीएसआय हवा दगडांवर नको. कच्चा रस्ता सुरू होताच २० ते २२वर आणा; टायर पसरून दगड धरतो आणि हादरे कमी होतात. बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारी कडी) नसलेल्या रिमवर १५च्या खाली गेलात तर वळणात टायर रिमवरून निसटू शकतो. बाहेरच्या हवेचा दाब उंचीबरोबर उतरतो, त्यामुळे खिंडीत गेजवर साधारण २ पीएसआय जास्त दिसतात. म्हणून वर जाऊन आणखी हवा सोडत बसू नका. भाड्याच्या गाडीत हवा कमी करायची परवानगी आहे का, हे आधी विचारा, आणि छोटा कंप्रेसर सोबत ठेवा.

मोठा दगड दोन चाकांच्या मधून काढायचा मोह होतो. तिथेच डिफरन्शियल (आसावरचा, चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) आपटतो. चाक दगडावर चढवा, पोट आपोआप उचललं जातं. डिफरन्शियलचा गोळा नेमका कुठे लटकतो ते निघण्यापूर्वी एकदा वाकून बघा. पुढचा सहसा मधोमध नसतो.

इंजिन दमलं म्हणून ॲक्सिलरेटर दाबणं

खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटते. हा बिघाड नव्हे. फोर-लोचा पहिला गिअर आणि स्थिर पाय, बस. तापमानाचा काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण सुरू, आणि जागा मिळताच थांबून इंजिन मंद चालू द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका: इथे साधं पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं.

उतारावर ब्रेक धरून ठेवणं

खिंडीपासून टेल्युराइडपर्यंत सव्वाचार हजार फुटांहून जास्त उतार आहे. इथे काम ब्रेकचं नाही, इंजिनचं: फोर-लोच्या खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखून धरतं. जळका वास आला, पेडल मऊ लागलं किंवा जास्त खाली गेलं, तर सपाट जागी थांबा, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’त, मॅन्युअल असेल तर गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगडाची उटी लावा आणि अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं तर ती वाकडी होते, तडकूही शकते.

समोरून गाडी आली तर चढणाऱ्याला वाट द्यायची, हा इथला रिवाज. मात्र रुंद जागा ज्याच्या जवळ असेल त्याने मागे सरकणं शहाणपणाचं. भारतात गाडी चालवायची सवय असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: इथे तुम्ही डावीकडे बसता, त्यामुळे उजवं चाक कुठे आहे याचा अंदाज चुकतो. आंधळ्या वळणावर सोबत्याला उतरवून पुढे बघायला पाठवा. टॉमबॉयच्या खाली खडकातून गेलेल्या सोशल टनेलपाशी तर नक्कीच.

अवशेषांत शिरणं

टॉमबॉय सुमारे ११,५०० फुटांवर आहे. ऐन भरात तिथे शेकडो माणसं राहत होती. आता उरलेत ते खनिज दळायच्या गिरणीचे पाये, पडके लाकूड आणि गंजलेलं लोखंड. कुजलेल्या फळ्यांखाली खाणीची उभी विहीर असू शकते, बोगद्यात प्राणवायू कमी असतो, जुनी स्फोटकंही सापडतात. बऱ्याच जमिनी खाजगी आहेत. वाटेवरूनच बघा, खिळासुद्धा उचलू नका. खिंडीच्या माथ्याजवळचं फोर्ट पीबॉडी मात्र चुकवू नका: टेल्युराइडमधून हाकललेल्या संघटित खाणकामगारांनी परत येऊ नये म्हणून १९०४ मध्ये नॅशनल गार्डने (राज्याच्या सैन्यदलाने) ही चौकी उभारली.

नारिंगी ओढ्याचं पाणी पिऊ नका. ते खाणींतून झिरपलेलं, जड धातूंचं असतं. ट्रेकिंगचा साधा फिल्टर जंतू अडवतो, विरघळलेले धातू नाही. उकळून ते उलट दाट होतात. पाणी खालूनच भरून न्या, माणशी चार लिटर.

उशिरा निघणं

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा होतात आणि खिंडीत आडोसा नाही. सकाळी सातला निघा, अकरापर्यंत माथा ओलांडा. आधीची रात्र युरेत काढा. वर डोकं ठणकायला लागून उलटी झाली तर गोळी घेऊन पुढे न जाता खाली उतरा. वाट साधारण जूनअखेर ते जुलैमध्ये उघडते. बर्फाचा पट्टा आडवा आला तर बाजूच्या गवतावरून वळसा घालू नका, इथली झुडपं चाकाखाली गेली की दशकानुदशकं भरून येत नाहीत, परत फिरा. सप्टेंबरच्या सुरुवातीला या वाटेवर धावण्याची शर्यत असते, तो दिवस टाळा.

टेल्युराइडला डांबर लागताच टू-हायवर (दोन चाकांच्या नेहमीच्या गिअरवर) या आणि टायर भरा. युरेला परतायचं असेल तर रिजवेवरून पन्नासेक मैलांचा पक्का रस्ता आहे. मऊ टायरवर तो वेगात कापलात तर टायर तापून फुटतात.