गुणसूत्रावर कंडेन्सिन कुठं बसतं, ते स्लाइडवर कसं पाहावं

कंडेन्सिन म्हणजे पेशीविभाजनात गुणसूत्रं घट्ट आवळणारा प्रथिनसमूह. आधी ठरवा, कोणतं कंडेन्सिन शोधताय. माणसाच्या पेशीत ती दोन आहेत. एसएमसी२ आणि एसएमसी४ ही घटक-प्रथिनं दोन्हींत सामाईक. कॅप-एच, कॅप-डी२, कॅप-जी ही कंडेन्सिन १ची खूण. कॅप-एच२, कॅप-डी३, कॅप-जी२ ही कंडेन्सिन २ची. एसएमसी२ची अँटीबॉडी (त्याच प्रथिनाला चिकटणारं प्रथिन) लावली की गुणसूत्राचा अक्ष, म्हणजे मधली रेघ, सुरेख उजळतो, पण तो दोघांपैकी कोणामुळे हे कळत नाही. दोन्ही एकाच स्लाइडवर रंगवायची असतील तर एक अँटीबॉडी सशाची आणि दुसरी उंदराची घ्या. दोन्ही सशाच्या असल्या तर दुय्यम अँटीबॉडी (पहिलीला चिकटणारी, रंग वाहणारी) भेद करत नाही आणि रंग हमखास एकावर एक बसलेले दिसतात.

मग अवस्था ठरवा. कंडेन्सिन २ आंतरावस्थेतही (दोन विभाजनांमधल्या काळात) केंद्रकात असतं आणि प्रोफेजमध्येच, म्हणजे विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात, गुणसूत्रांवर काम सुरू करतं. कंडेन्सिन १ मुख्यतः पेशीद्रवात थांबतं; केंद्रकाचं आवरण फुटल्यावरच त्याला गुणसूत्रं मिळतात. हा क्रम पाहायचा तर स्प्रेड (पेशी फुगवून गुणसूत्रं स्लाइडवर पसरवणं) करू नका, कव्हरस्लिपवर वाढवलेल्या अखंड पेशी घ्या. सोबत लॅमिन (केंद्रकाच्या आवरणाला आतून अस्तर देणारं प्रथिन) रंगवलं की आवरण शाबूत आहे का ते कळतं.

मेटाफेजमधली (गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत येतात तो टप्पा) जागा मात्र स्प्रेडवरच नीट दिसते. हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) ०.१ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर कोल्सेमिड, म्हणजे विभाजन मध्येच थांबवणारं औषध, १ ते २ तास द्या. रात्रभर ठेवलंत तर गुणसूत्रं आखूड, जाड होतात आणि अक्षाचा तपशील जातो. फ्लास्क थोपटून गोल झालेल्या पेशी सुट्या करा. ७५ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये मिलिलिटरला साधारण १ लाख या प्रमाणात १० मिनिटं ठेवा आणि २०० मायक्रोलिटर सायटोस्पिनने (पेशी स्लाइडवर बसवणारं अपकेंद्री यंत्र) स्लाइडवर उतरवा. पेशी जास्त झाल्या तर गुणसूत्रांचे गठ्ठे पडतात. पोटॅशियम क्लोराइडमध्ये जास्त वेळ राहिल्या तर नळीतच फुटतात. कॅरिओटाइपच्या (गुणसूत्रांची मोजणी-मांडणी) सवयीने ३:१ मिथेनॉल-अ‍ॅसेटिक आम्ल ओतू नका. पट्ट्या पाहायला ते उत्तम, पण बरीच प्रथिनं धुऊन नेतं आणि उरलेली अँटीबॉडीला ओळखू येईनाशी करतं.

स्लाइड १० मिनिटं केसीएम बफरमध्ये ठेवा: १२० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, २० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८), ०.५ मिलिमोलर ईडीटीए, ०.१% ट्रायटन. इथे खरी अडचण येते. फॉर्मल्डिहाइडने नमुना आधी घट्ट बांधला (स्थिर केला) तर दाट क्रोमॅटिनमध्ये (डीएनए आणि प्रथिनांच्या गुंडाळीत) अँटीबॉडी शिरत नाही आणि फक्त कडा उजळतात. अँटीबॉडी आधी लावून नंतर बांधलं तर आतपर्यंत पोहोचते, पण कंडेन्सिन १ गुणसूत्रावर सतत बसतं-उठतं, त्यामुळे काही निसटू शकतं. कंडेन्सिन २ त्यामानाने टिकून राहतं. म्हणून एकाच दिवशी दोन्ही क्रमांनी स्लाइड करा. दोन्हीकडे सारखं दिसेल तेवढ्यावरच विश्वास ठेवा.

१.४ एनएच्या (भिंगाची प्रकाश गोळा करण्याची क्षमता) तेल-ऑब्जेक्टिव्हने, खोलीत ०.२ मायक्रॉनच्या टप्प्यांनी चित्रं घ्या. प्रत्येक क्रोमॅटिडच्या (गुणसूत्राच्या दोन जुळ्या भागांपैकी एक) मधोमध, डॅपी या डीएनए-रंगापेक्षा बरीच अरुंद, खंडित रेघ दिसायला हवी. दोन कंडेन्सिनचे ठिपके बऱ्याच ठिकाणी आलटूनपालटून येतात आणि सेंट्रोमिअरजवळ (दोन क्रोमॅटिड जोडलेले असतात ती जागा) कंडेन्सिन २ अधिक गडद असतं. ती जागा सेन्प-ए या सेंट्रोमिअरच्या प्रथिनाने पक्की करा. रेघेऐवजी बाहेरून कवच दिसलं तर अँटीबॉडी आत गेली नसावी. खरोखर परिघावर बसणाऱ्या केआय-६७ या प्रथिनाशी ताडून पाहा. दोन रंग एकत्र दिसले म्हणून दोन प्रथिनंही एकत्र आहेत असं मानू नका; साध्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरखालचं अंतर वेगळं करता येत नाही. तो दावा करायचा तर एसटीईडीसारखं, ही मर्यादा ओलांडणारं सूक्ष्मदर्शन-तंत्र हवं.

एकेका रंगाची वेगळी स्लाइड आणि प्राथमिक अँटीबॉडीविना एक स्लाइड हवीच. त्याहून मोलाचं म्हणजे एसआयआरएनएने (ठरावीक प्रथिनाची निर्मिती रोखणारे छोटे आरएनए) कॅप-एच कमी केलेल्या पेशी: तिथेही कॅप-एचची रेघ तितकीच ठळक राहिली, तर प्रथिन खरंच घटलंय का ते आधी वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनाचं प्रमाण दाखवणारी चाचणी) पाहा. घटलं असेल तर दोष अँटीबॉडीचा.

यीस्टवर काम करणाऱ्यांनी ही अपेक्षा सोबत नेऊ नये. तिथे कंडेन्सिन एकच, आणि बेकरी यीस्टमध्ये सर्वांत ठळक संकेत आरडीएनएवर (रायबोसोमच्या आरएनएची जनुकं असलेला डीएनए) मिळतो.