ईबीसी, टीएफडब्ल्यूएस, फ्रीशिप: दाखले नंतर, आधी बँकेत जा

बारावीचा निकाल लागला, सीईटीचा पर्सेंटाइल कळला की फीसवलतीच्या दाखल्यांसाठी सगळं घर तलाठी आणि सेतूच्या मागे लागतं. दाखले लागतातच, पण त्यांच्या आधी मुलाला किंवा मुलीला घेऊन बँकेत जा आणि एकच प्रश्न विचारा: हे खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट जमा होण्यासाठी, आधार सीडेड आहे का? ‘आधार लिंक आहे’ एवढ्या उत्तरावर परत येऊ नका. लिंक म्हणजे बँकेने केवायसीला आधार घेतलं, इतकंच. सीडिंग म्हणजे बँकेने तुमची लेखी संमती घेऊन एनपीसीआय या देयक संस्थेच्या मॅपरवर, म्हणजे कोणत्या आधाराचे पैसे कोणत्या बँकेत जायचे त्या यादीवर, या आधारापुढे आपलं नाव लावलं. सरकारी पैसा हा मॅपर बघून येतो. तुम्ही अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिलात किंवा पासबुकाची कोणती झेरॉक्स जोडलीत, ते बघून येत नाही. अर्ज मंजूर होतो, यादीत नाव येतं आणि पैसे येत नाहीत, याचं कारण बहुतेक वेळा इथे सापडतं.

तपासायला पाच मिनिटं लागतात. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करा, ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. बँकेचं नाव, ‘अ‍ॅक्टिव्ह’ की ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसते. खाते क्रमांक दिसत नाही, कारण मॅपरवर फक्त बँक असते. म्हणून एकाच बँकेत दोन खाती असतील तर कोणतं जोडलंय ते शाखेतच विचारा. पतसंस्थेचं खातं इथे चालत नाही. आईवडिलांचं खातंही चालत नाही, विद्यार्थ्याचंच हवं. शाळेत असताना अल्पवयीन म्हणून उघडलेलं खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी आणि सही द्यावी लागते, तोवर व्यवहार अडतात. कमी कागदांवर उघडलेलं ‘छोटं खातं’ असेल तर त्यात एका वेळी 50,000 पेक्षा जास्त शिल्लक आणि वर्षभरात 1 लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही. फीची रक्कम तिथे अडकू शकते, त्यामुळे आताच पूर्ण केवायसी करून ते साधं बचत खातं करून घ्या.

आता योजना. महाराष्ट्रात सगळं महाडीबीटी पोर्टलवरून चालतं. ज्याला सगळे ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) म्हणतात ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत, महाराष्ट्राचा अधिवास, घरातली पहिली दोन अपत्यं, शिक्षणात दोन वर्षांचा खंड नको, 50 टक्के हजेरी, आणि शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काचा 50 टक्के परतावा. मुलींसाठी जुलै 2024 च्या शासन निर्णयाने चित्र बदललं. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या पात्र मुलींना हा लाभ 100 टक्के झाला. अनुसूचित जाती-जमातींना 2.5 लाख उत्पन्नापर्यंत भारत सरकार शिष्यवृत्ती, त्याहून जास्त उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांच्या योजना त्यांच्या विभागाच्या नावाखाली स्वतंत्र आहेत. आपला विभाग चुकवून भलत्याच योजनेला अर्ज केला तर तो महिनाभराने परत येतो.

हे सगळं वाचून ‘अर्धी फी माफ’ असं कुणी सांगितलं तर पावती मागून बघा. परतावा शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा आहे. विकास शुल्क, वसतिगृह, बस, ‘इतर’ या नावाखालचं सगळं तुमच्याच खिशातून. समजा मान्य शिक्षण शुल्क 1,10,000 आणि विकास शुल्क 13,000 आहे. ईबीसीने 55,000 येतील. तुमच्यावर उरतील 68,000 आणि वरचे किरकोळ. मुलगी 100 टक्क्यांत बसली तरी ते 13,000 भरायचेच. प्रत्येक कॉलेजचं अभ्यासक्रमनिहाय मान्य शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतं. कॅपचे, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाचे, पर्याय भरण्याआधी तिथला आकडा उतरवून घ्या. कॉलेजच्या पत्रकावर छापलेल्या फीवर हिशेब करू नका.

पर्याय भरताना दोन गोष्टी. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, जागा मंजूर क्षमतेच्या 5 टक्के, त्याही जादा असतात. उत्पन्नमर्यादा 8 लाख, जात कोणतीही चालते आणि शिक्षण शुल्क पूर्ण माफ होतं. त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ लागतो. साधा कोड भरून नंतर ‘आम्हाला टीएफडब्ल्यूएस हवं होतं’ म्हणून काही होत नाही. या जागांचा कटऑफ बहुधा त्याच शाखेच्या खुल्या कटऑफपेक्षा वर असतो, म्हणून दोन्ही कोड भरा, टीएफडब्ल्यूएसचा वर. एकदा ती जागा घेतली की पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही आणि त्यावर पुन्हा ईबीसी मिळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. या सवलती केंद्रीभूत प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या जागेला आहेत. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की ईबीसी विसरा, उत्पन्न कितीही कमी असो. कॅपनंतर रिकामी राहिलेली जागा कॉलेज स्तरावर मिळत असेल तर पैसे भरण्याआधी शिष्यवृत्ती विभागाच्या क्लार्ककडून ‘या जागेला अमुक योजना लागू आहे’ हे लेखी घ्या. प्रवेश समुपदेशक तोंडी काहीही सांगतो. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं मुलींच्या 100 टक्के सवलतीतून स्पष्टपणे वगळलेली आहेत. एखादं जुनं नावाजलेलं कॉलेज अलीकडे विद्यापीठ झालंय का, हे नावावरून कळत नाही. नीट चौकशी करा. वर्षाला लाखाचा फरक या एका शब्दाने पडतो.

दाखल्यांत उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच, आपले सरकार पोर्टलवरून काढलेला, बारकोड असलेला. पोर्टल तो बारकोड मागतं. कंपनीचं पत्र चालत नाही; नोकरदारांचा फॉर्म 16 आणि शेतकऱ्यांचा तलाठी अहवाल हा दाखला काढायला लागतो, दाखल्याऐवजी नाही. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, म्हणून एप्रिलमध्येच नवा काढा. जून-जुलैत सेतूवर रांग आणि सर्व्हर दोन्ही जीव घेतात. आई कमावती असेल तर तिचंही उत्पन्न धरलं जातं. नॉन क्रिमीलेयर (एनसीएल, म्हणजे उन्नत गटात नसल्याचा दाखला) हा उत्पन्नाचा दाखला नव्हे, दोन्हींतली मोजणी वेगळी आहे, त्यामुळे ओबीसींनी दोन्ही काढून ठेवावेत. एनसीएलची मुदत त्यावर छापलेली असते, ती वाचा. जात पडताळणी अजून केली नसेल तर अकरावीतच अर्ज करायला हवा होता. आता समितीकडे लगेच अर्ज करून पावती तरी हातात ठेवा. ईडब्ल्यूएसचा दाखला राज्याच्या नमुन्यातला हवा, केंद्राचा नमुना वेगळा असतो. डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, शिधापत्रिका: तुम्हाला माहीत आहेत.

नावं मात्र जुळवून बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नावच नाही, असा घोळ जवळपास प्रत्येक घरात असतो. क्रम उलटा असला तर निभावतं, स्पेलिंग वेगळं असलं की अडतं. दुरुस्ती आधारमध्ये करा आणि लगेच बँकेतही कळवा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असावा. ओटीपी काकांच्या बंद पडलेल्या नंबरवर जाणार असेल तर पुढचं काहीच होणार नाही.

आणि दुरुस्ती झाल्यावर सीडिंग पुन्हा तपासा. हो, पुन्हा.

महाडीबीटीचा अर्ज स्वतः भरा, सायबर कॅफेवाल्याच्या हाती पासवर्ड देऊन निघून येऊ नका. तो प्रोफाइलमध्ये स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो आणि त्रुटीचा मेसेज त्यालाच जातो. स्कॅन 15 ते 256 केबी या मर्यादेत बसवावे लागतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो दाबून दाबून इतका लहान होतो की तहसीलदारांचा शिक्का दिसत नाही आणि तेवढ्यावर अर्ज परत येतो. काळा-पांढरा, 150 डीपीआयचा स्कॅन पुरतो. चालू अभ्यासक्रमाच्या पानावर कॉलेज, शाखा, वर्ष आणि प्रवेशाचा प्रकार नीट निवडा. कॅपचा अर्ज क्रमांक अलॉटमेंट लेटरवरचाच टाका. मागच्या शिक्षणात दहावी आणि बारावी दोन्ही भरा, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडा. शहरात राहून शिकणार असाल आणि वडील अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजूर असतील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचाही अर्ज त्याच लॉगिनमधून करा. ही सगळ्यात जास्त राहून जाणारी योजना आहे, कारण पहिला अर्ज गेला की लोक लॉगआउट करतात. त्यासाठी वसतिगृहाच्या तपशिलाचं पान भरावं लागतं.

अर्ज ऑनलाइन गेला म्हणजे झाला असं नाही. प्रिंट आणि कागदांचा संच कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात द्या आणि पोच घ्या. अर्ज आधी क्लार्कच्या लॉगिनला, मग प्राचार्यांच्या, मग विभागाच्या कार्यालयात जातो. सगळ्यात जास्त दिवस तो पहिल्या टेबलावर असतो. आठवड्यातून एकदा स्थिती बघा. ‘सेंड बॅक’ दिसलं की शेरा वाचा, तेवढंच दुरुस्त करा, त्याच दिवशी परत पाठवा आणि क्लार्कला जाऊन सांगा. परत आलेला अर्ज मुदतीत पुन्हा गेला नाही तर वर्ष गेलं. पात्र विद्यार्थ्याकडून सवलतीची रक्कम आगाऊ मागू नये अशा सूचना कॉलेजांना आहेत. तरी मागितलीच तर ‘शिष्यवृत्ती आल्यावर परत’ हे पावतीवर लिहून घ्या. तारीख नसलेला सही केलेला चेक ठेवून येऊ नका.

मंजुरीचा मेसेज आला की आधारच्या साइटवर जाऊन सीडिंग तिसऱ्यांदा बघा. कारण असं: मॅपरवर शेवटी संमती दिलेली बँक राहते. मधल्या काळात कॉलेजने सक्तीने नवं खातं उघडायला लावलेलं असतं, किंवा मोबाइलच्या दुकानात सिमबरोबर पेमेंट बँकेचं खातं अंगठ्यावर उघडलेलं असतं. तिथे कोपऱ्यातल्या एका चौकोनावर टिक झाली की डीबीटी तिकडे वळतो. पैसे येतात, पण ज्या खात्यात येतात ते आपल्या लक्षातही नसतं. कॉलेज सुरू असताना नवं खातं उघडलंच तर डीबीटीच्या संमतीच्या चौकोनावर टिक करू नका. लॉगिनमध्ये हप्ता रिडीम करण्याचा, म्हणजे खात्यात वळता करून घेण्याचा, पर्याय दिसत असेल तर तो स्वतः करावा लागतो. ज्या योजनेत फीची रक्कमही विद्यार्थ्याच्या खात्यात येते तिथे ती कॉलेजची आहे, नवा फोन घेण्यासाठी नाही. लगेच भरा, पावती घ्या.

दुसऱ्या वर्षी रिन्यूअल आपोआप होत नाही. दरवर्षी अर्ज, नवी गुणपत्रिका, हजेरी. आणि सीडिंग, अर्थात.

केंद्राच्या योजना नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. मुलींसाठी एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) ‘प्रगती’ शिष्यवृत्ती: वर्षाला 50,000, उत्पन्न 8 लाखांपर्यंत, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत, पहिल्या वर्षाला किंवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांना. दिव्यांगांसाठी ‘सक्षम’ शिष्यवृत्ती. वर सांगितलेला वसतिगृह भत्ता सोडला तर दोन सरकारी शिष्यवृत्त्या एकदम घेता येत नाहीत, त्यामुळे आकडे मांडा आणि जास्तीची धरा. हेही पैसे आधारावरच येतात, मॅपर तोच.

खासगी ट्रस्टांत रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती पूर्ण अभ्यासक्रमासाठी 2 लाखांपर्यंत आहे, पहिल्या वर्षातच अर्ज करायचा आणि ऑनलाइन चाचणी द्यायची. पुण्यात शिकणाऱ्या मुलींनी लीला पूनावाला फाउंडेशन बघावं. खेड्यातून पुण्यात येणाऱ्यांनी राहण्याजेवणासाठी विद्यार्थी साहाय्यक समितीचा अर्ज वेळेत भरावा. वसतिगृहाचा खर्च वाचला तर तो अर्ध्या शिष्यवृत्तीइतका असतो.

तरीही कमी पडलं तर कर्ज. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक दर्जाच्या संस्थांतल्या विद्यार्थ्यांनाच विनातारण कर्ज मिळतं. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असताना 3 टक्के व्याजसवलत. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी बघा, मग बँकेत जा. आणि बँकेत गेलातच तर काउंटरवर सीडिंगची स्थिती विचारून या.